मायलेज आपल्या रस्त्यावर मोजा
माहितीपत्रकावर छापलेला मायलेजचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. तिथे गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाने चालवतात. आजवर एसीही बंदच ठेवत आलेत. यवतमाळ-वणीकडचे खड्डे, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि डिक्कीतली खताची पोती त्यात कुठून येणार? म्हणून टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा. ४२० किलोमीटरला २८ लिटर लागलं, तर मायलेज १५. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो बरेचदा जास्तच दाखवतो. नवी गाडी घ्यायची असेल तर तेच मॉडेल, तेच इंजिन वापरणाऱ्या गावातल्या माणसाला आधी विचारा. एसी लावून किती देते, तेही.