द्रावण विरल करताना या चुका टाळा

सी वन व्ही वन बरोबर सी टू व्ही टू (सी म्हणजे तीव्रता, व्ही म्हणजे आकारमान; वन विरल करण्याआधीचं, टू नंतरचं). हे सूत्र बारावीच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. तरीही प्रॅक्टिकलला रीडिंग जुळत नाही, कारण घोळ त्यात घातलेल्या आकड्यांत असतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो व्ही टू. तो म्हणजे तयार द्रावणाचं एकूण आकारमान, ओतलेलं पाणी नव्हे. दहापट विरल करायचं तर 10 मिली द्रावण 100 मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या आणि खुणेपर्यंत पाणी भरा. 10 मिलीत 100 मिली पाणी ओतलंत तर ते अकरापट होतं. एकदा झालं तर फरक 9 टक्क्यांचा. पण सीरियल डायल्युशनमध्ये, म्हणजे विरल केलेलंच पुन्हा पुन्हा विरल करताना, हेच तीनदा केलं की 1000 च्या जागी 1331 पट, म्हणजे जवळजवळ पाव तीव्रता गायब!

हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीवरचे 37 टक्के वजनाचे असतात. 100 मिलीत 37 ग्रॅम असा हिशेब केला तर मोलॅरिटी (एका लिटर द्रावणातले मोल) 10 च्या आसपास येते; घनता 1.19 धरली की खरी 12 निघते.

ऑक्झॅलिक ॲसिडचंही तसंच. बाटलीत डायहायड्रेट (प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू) असतं, तेव्हा रेणुभार 126 धरायचा, 90 नाही. 0.05 मोलरचं 250 मिली करायला साधारण 1.58 ग्रॅम लागतं. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन चुकलं की मी आधी हाच आकडा बघतो.

आणि आपला गोव्याचा पावसाळा! जिथे डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे तराजूवर असतानाच ओले होतात. वजन कितीही काळजीपूर्वक करा, त्यात पाणीही मोजलं जातं. त्याचं द्रावण अंदाजे करून ऑक्झॅलिक ॲसिडने प्रमाणित करणं, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता काढणं, हाच मार्ग.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, हळूहळू, ढवळत. उलट कधीच नाही. सल्फ्युरिक असेल तर द्रावण चांगलंच तापतं. गरम असतानाच खुणेपर्यंत भरलं तर निवल्यावर पातळी खाली उतरते, म्हणून आधी थंड होऊ द्या.

पाणी खुणेच्या वर गेलं तर ड्रॉपरने काढण्यात अर्थ नाही, पाण्याबरोबर विरघळलेला पदार्थही जातो. ते द्रावण टाकून नव्याने करायला घ्या.