शिळावर्तुळांवर काम करायचंय? नव्या विद्यार्थ्यांसाठी थोडं अनुभवाचं

पुरातत्त्वात एमएला प्रवेश घेतलात आणि महापाषाणीय थडग्यांची, म्हणजे मोठमोठ्या दगडांनी बांधलेल्या प्राचीन थडग्यांची, ओढ वाटत असेल, तर आधी जुनापाणीला जाऊन या. नागपूरपासून काटोल रोडने जवळच आहे. तिथे तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं, म्हणजे भोवती दगडांचं कडं असलेली थडगी, आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने त्यातली काही उकरली, पुढे १९६१मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात, दुपारी शेजारून गेलात तरी कळत नाहीत. वही, टेप, होकायंत्र घ्या आणि एकच वर्तुळ दगड न् दगड मोजून काढा. मला ही थडगी या रेखाटनानेच समजायला लागली.

खणताना मधोमध खड्डा घेत नाहीत. खुंट्या-दोरी लावून वर्तुळाचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन आधी खाली नेतात आणि मधल्या न खणलेल्या भिंती उभ्या ठेवतात. साइटवर सगळे त्यांना ‘बॉक’ म्हणतात. करणीने (छोट्या थापीने) बॉक साफ केला, पाणी शिंपडलं, की भराव कसा घातला गेला ते दिसतं : काळी माती, मग दगडगोटे, पुन्हा माती. थडगं बांधणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काम केलं ते तिथे वाचता येतं, आणि वस्तू घाईने उचलली की तो क्रम कायमचा जातो. म्हणून आधी खोली मोजा, फोटो घ्या, नकाशावर टिंब द्या, मगच हात लावा.

अखंड सांगाड्याची आशा ठेवू नका. बहुधा हाडांचे तुकडे, काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी कुऱ्हाडी मिळतात. नागपूरजवळच्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात (१९७०-७२) घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे दागिनेही निघाले. मणी मात्र चाळणीतच सापडतात, त्यामुळे चाळणीवर बसणं हलकं काम समजू नका.

संध्याकाळी पॉटरी यार्डात बसाच. खापरं धुणं, शाईने नंबर टाकणं, काठाचे तुकडे वेगळे काढणं, हे कंटाळवाणं वाटतं खरं, पण भांड्यांची ओळख तिथेच पक्की होते.

प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर माझं मत स्पष्ट आहे : वसाहती घ्या. थडगी भरपूर खणली गेली, ती बांधणाऱ्यांची घरं त्या मानाने फार कमी. नागपूर जिल्ह्यातच टाकळघाटला वस्ती आणि जवळच खापाला वर्तुळं आहेत; नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. प्रशिक्षणासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहेच.

सर्वेक्षणाला निघाल तेव्हा प्रत्येक वर्तुळाची जीपीएस नोंद करा. शेतं सपाट होतात, मुरूम उपसला जातो, लेआउट पडतात. आणि परवानगीशिवाय खापराचा तुकडाही खिशात टाकू नका.