युरोपातली तटबंदीची गावं आणि किल्ले नीट कसे पाहावेत

मुख्य दरवाज्यातून थेट आत शिरलात की पुढचे दोन तास दुकानांतच जातात. पहिला अर्धा तास तटाबाहेर द्या. किल्ला कशासाठी आणि कुणाच्या भीतीने बांधला, हे बाहेरूनच कळतं.

फ्रान्समधलं कारकासोन याला उत्तम. दुहेरी तट, 52 बुरूज, आणि दोन तटांच्या मधल्या पट्टीतून तिकीट न काढता हिंडता येतं. उत्तरेकडे आतल्या तटाचा खालचा भाग जवळून पाहा: लहान दगडांचे थर आणि मध्ये लाल विटांचे पट्टे. ते रोमन काळाच्या अखेरचं काम. वरचे मोठे, घडीव दगड मध्ययुगातले. बुरुजांवरची निमुळती टोपरी मात्र 1853 साली सुरू झालेल्या जीर्णोद्धारातली आहेत, त्यामुळे सगळंच ‘मध्ययुगीन’ समजू नका. गावात फिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट आतल्या किल्ल्याचं आणि तटावरच्या फेरीचं.

दरवाज्यात घाई करू नका. दोन्ही बाजूंच्या भिंतीत उभी खाच दिसली, तर तिथे वरून खाली सोडायचा जाळीचा दरवाजा होता. छताला भोकं असतील, तर खाली अडकलेल्या शत्रूवर मारा तिथूनच व्हायचा. जंग्या, म्हणजे तटातून मारा करायच्या फटी, आतूनही पाहा: बाहेर चार बोटांची फट, आत धनुर्धारी उभा राहील एवढा कोनाडा. फटीच्या तळाशी गोल भोक असेल, तर बहुधा तो बंदुका-तोफा आल्यानंतरचा बदल.

फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, चालायचं तर वेल्समधलं कॉन्वी. किल्ला आणि गावाचा तट 1283 ते 1287 या चार वर्षांत उभा राहिला. तट 1.3 किलोमीटरचा, 21 बुरुजांचा; दक्षिणेकडे ओळीने 12 शौचकूप बाहेर काढलेले दिसतात. फांजीवर वारा जबर असतो. छत्री नको, टोपीचं जॅकेट घ्या.

जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या फांजीवर लाकडी छप्पर आहे, म्हणून पावसातही चालता येतं. उंच माणसांनी तुळयांपासून डोकं सांभाळावं. भिंतीतल्या दगडांवर कोरलेली नावं देणगीदारांची आहेत. 31 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग पडला आणि तो पुन्हा उभारताना जगभरातून पैसे आले. इथे शक्यतो रात्रीचा मुक्काम करा. दिवसभराच्या सहलीला आलेले लोक संध्याकाळी निघून जातात आणि गल्ल्या मोकळ्या होतात. फक्त चाकांची मोठी बॅग आणू नका: गोट्यांच्या फरसबंदीत चाकं अडकतात, तुटतात.

गोल जिन्याची पायरी भिंतीकडे रुंद आणि मधल्या खांबाकडे निमुळती असते. पाय घसरतो तो उतरताना, म्हणून उतरणाऱ्याला भिंतीची बाजू द्या. पाठीवरची सॅक पोटावर घ्या आणि एक हात आधाराच्या दोरीसाठी मोकळा ठेवा. जिने उजवीकडे वळतात ते तलवारबाजीसाठी, असं गाइड हमखास सांगतात. अभ्यासकांना ते पटलेलं नाही.

आता वेळेचं गणित, कारण सर्वाधिक पैसे इथेच बुडतात. जर्मनीच्या बव्हेरियातल्या नॉयश्वानश्टाइन किल्ल्याचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि आत गाइडबरोबरच जाता येतं. वेळ चुकली की तिकीट गेलं. खालच्या होहेनश्वांगाउ गावातून चढण साधारण 40 मिनिटांची. बसही दारापर्यंत जात नाही, उतरून पुढे चालावंच लागतं. म्हणून तिकिटाच्या वेळेआधी किमान दीड तास गावात पोहोचा. आत फोटोला बंदी आहे. फोटो मारियेनब्र्यूके पुलावरून काढा, तोही किल्ला पाहून झाल्यावर. आधी गेलात तर पुलावरची गर्दी तुमची वेळ खाते. हिवाळ्यात बर्फामुळे पूल बंद असू शकतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.