मोठा आरपीजी गेम घ्यायचा असन तर पैसे टाकायच्या आधी हे करा

भाऊ, मागच्या दिवाळीत कापूस मोडला तेव्हा बाबांनी मले थोडे पैसे दिले अन् मी त्यातून एक मोठा आरपीजी (म्हणजे आपण एक पात्र होऊन गोष्ट खेळतो तसा गेम) घेतला, वर्षभर ट्रेलर पाहून वाट पाहत होतो त्याची. गावात फायबर नाही, रोजचा २ जीबी डेटा, उतरता उतरता दीड महिना गेला अन् खेळायला बसलो तर गेममधला दुकानदार अर्धा भिंतीत घुसलेला, त्याच्याशी बोलायचे तीन ऑप्शन अन् कोणताही दाबा, उत्तर एकच. लय वाईट वाटलं. पैसे वापस मागायला गेलो तर मुदत संपलेली. आपल्याकडच्या पोट्ट्यांसोबत असं होऊ नये म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यात पहिले रिफंडचं गणित समजून घ्या. स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत अन् २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे वापस मागता येतात. दिवस मोजतात ते खरेदीच्या तारखेपासून, तुमचं डाउनलोड कधी संपलं ते कोणी पाहत नाही. आता ७० जीबीचा गेम रोज २ जीबीनं उतरवला तर ३५ दिवस झाले, अन् स्टारफील्ड नावाच्या गेमला तर १२५ जीबी लागते. म्हणून आधी डाउनलोडची सोय लावा, मगच पैसे टाका. तालुक्याला ज्या मित्राकडे फायबर असन त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन जा, तिथंच बसून खरेदी करा, रात्रभर उतरू द्या, सकाळच्या एसटीनं वापस या. लॅपटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्कच असन तर आधी एसएसडीचं (तिच्यापेक्षा जलद चालणारी नवी डिस्क) पहा, आता असे बरेच मोठे गेम तेच मागतात.

प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणं, तर करूच नका. सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन) इतका अडकत होता की आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला, जून २०२१ मध्ये परत ठेवला, अन् पार बदलून टाकणारं २.० अपडेट आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. पावणेतीन वर्षं! थांबले त्यांना तोच गेम चांगल्या हालतीत अन् सेलमध्ये कमी पैशात भेटला. कापसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात, घाई काहून करायची?

आता ते २ तास. मोबाईलवर दीड तासाचा अलार्म लावा. कॅरेक्टरचं नाक-डोळे बनवत बसू नका, गेम मेनूवर उघडा राहिला तरी वेळ मोजला जाते. लाईन जायच्या वेळेत सुरू करू नका. पहिलं गाव-शहर आलं की गर्दीत पळत जा, अडकते का पहा. मग कोणाशी बोलायच्या आधी सेव्ह करा, एक उत्तर द्या, काय होते ते पहा, सेव्ह लोड करून उलटं उत्तर द्या. दोन्ही वेळा समोरचा तेच बोलला तर दुसऱ्या एक-दोघांसोबत करून पहा, तिथंही तेच झालं तर तुमच्या मर्जीनं गोष्ट बदलण्याच्या ज्या गप्पा ट्रेलरमध्ये होत्या त्यावर भरोसा ठेवू नका.

नाही पटला तर त्याच दिवशी स्टीमच्या हेल्पमध्ये जाऊन ती खरेदी उघडा अन् रिफंड मागा. कारण काही मोठं लागत नाही, मजा नाही आली एवढं लिहिलं तरी चालते.