मराठवाड्यातल्या गावात राहायला येणाऱ्या परदेशी मित्रांसाठी

परदेशातून येऊन इथं साधं, भक्तीचं आयुष्य जगायची इच्छा असणारे मला नेहमी विचारतात, राहायचं कुठं, खायचं काय, दिवस कसा काढायचा. मीही तसाच बाहेरून आलेला. आता पैठण तालुक्यातल्या एका गावात कायमचा राहतो. जे मराठी शिकून येताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक सांगतो, एकांताच्या आशेनं येऊ नका. इथली भक्ती चारचौघांत बसून करायची असते. संत एकनाथ (1533–1599) पैठणला संसार सांभाळून राहिले, आणि गावातला वारकरी आजही दिवसभर रानात राबतो, तिन्हीसांजेला हरिपाठाला येतो. तुम्ही दार लावून तासन्‌तास ध्यानाला बसलात, तर शेजारच्या मावशी 'बरं नाही का हो?' म्हणत कडी वाजवणारच. दार उघडं ठेवायची सवय करा. हरिपाठाला टाळ घेऊन मागच्या रांगेत उभं राहा. पाठ नसला तरी कुणी विचारत नाही, आणि पावली, म्हणजे टाळाच्या तालावर टाकायची पावलं, बघून बघून पायात बसते.

गावात सप्ताह बसला की सगळी कामं बाजूला ठेवा. सात दिवस अखंड नामस्मरण चालतं, आणि तेवढे दिवस वीणा जमिनीवर टेकवायची नसते. वीणा धरणारा पहारेकरी बदलतो तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सत्तर वर्षांचे बाबा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतात, पोरगं त्यांच्या. रात्रीच्या पहाऱ्यांना माणसं कमी पडतात, तेव्हा तुम्ही नाव द्या. पहाटे तीनच्या सुमाराला मंडपात मोजकी माणसं, हातात वीणा आणि तोंडात नाम, एवढंच उरतं. ज्यासाठी इतक्या लांबून आलात, ते मला तरी तिथंच भेटलं. जेवणासाठी घरोघरून भाकरी येतात. तुमच्या चुलीवरच्याही द्या, जाड झाल्या तरी चालतील.

तुळशीची माळ मात्र घाईनं घालू नका. माळ घातली की मांस-मद्य सुटलं, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आल्या आणि जमेल तशी पंढरीची वारी आली. गावातली माणसं ते आयुष्यभर पाळतात. आधी वर्षभर तसं राहून बघा, मग एखाद्या जाणत्या महाराजांना विचारा.

आता पाण्याचं. पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरण आहे, 1976 साली पुरं झालेलं, आणि तरी उन्हाळ्यात आसपासच्या कितीतरी गावांना टँकरची वाट बघावी लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' असं लोक म्हणतात ते उगीच नाही. आपण कमी पाण्यात भागवतो ते आपल्या मर्जीनं. डोक्यावर हंडा घेऊन टँकरमागं पळणाऱ्या बाईनं ते निवडलेलं नाही. तिच्या टंचाईला साधना म्हणू नका, तिच्यासमोर तर नकोच. टँकर आला की उठा, रांगेत उभं राहा, म्हाताऱ्या माणसांचे हंडे आधी भरू द्या. भांडी धुतलेलं पाणी झाडाला घाला. साधेपणाबद्दल माझं ठाम मत आहे: ज्यानं शेजाऱ्याचा भार वाढतो तो साधेपणा खरा नाही.

कागदपत्रांत हयगय नको. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर बहुतेकांना आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. हल्ली ती ऑनलाइन होते. ज्यांच्या घरात उतराल त्यांनाही तुमची माहिती 24 तासांत ऑनलाइन फॉर्मवर (आधी याला 'सी' फॉर्म म्हणत) कळवावी लागते. हे त्यांना माहीत नसतं, म्हणून तुम्हीच सोबत बसून भरून घ्या. पोलीस पाटलांना पहिल्याच दिवशी भेटा. आणि शेत घेऊन आश्रम काढायचा विचार असेल तर इथंच थांबा, परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही.

खाण्याचं फार अवघड नाही. ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा, कांदा. ठेचा सुरुवातीला नखभरच घ्या. एकादशीला भगर (वरई) आणि शेंगदाण्याची आमटी असते. भगर मात्र पाकीटबंद आणि ताजी बघून घ्या, सुट्टं पीठ आणू नका. ओल धरलेल्या भगरीला बुरशी लागते आणि त्यातून विषबाधा होते. मराठवाड्यात असे प्रकार वारंवार घडलेत.

राहायला जुनं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर मिळालं तर सोडू नका. जाड भिंती आणि वरची माती यांमुळं उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. पत्र्याच्या खोलीत मे महिना निघत नाही, पारा 42 च्या वर जातो.

म्हणून पहिल्यांदा येताना उन्हाळा टाळा, कार्तिकात या. हवा बरी असते आणि पहाटे देवळात काकडा चालू असतो. मग फाल्गुनात पैठणला नाथषष्ठी, म्हणजे एकनाथांच्या पुण्यतिथीचा उत्सव, गाठा. त्याआधी तुकाराम बीजेला नाथांच्या वाड्यातल्या रांजणाची पूजा होते आणि लोक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात. गर्दीत चप्पल बाहेर न सोडता पिशवीत घेऊन जा, आणि एक घागर तुमचीही असू द्या.