रोवणीच्या दिवसांत वीज: बांधीतून कधी निघायचं, कुठं जायचं

ब्रह्मपुरी तालुक्यात आमची चार एकर धानाची शेती आहे, गावापासून दीड किलोमीटरवर. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं एक जुनं झाड आहे. सात वर्षांपूर्वी ऐन रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, शेजारच्या काकाजींची बैलजोडी त्या मोहाला बांधलेली होती. आमच्या गावावर पावसाचा थेंबही पडला नव्हता, नुसतं मूल गावाच्या बाजूनं गडगडत होतं. वीज झाडावर आली आणि दोन्ही बैल जागीच पडले. त्याच सावलीत दहा मिनिटांपूर्वी आमच्या बारा बाया शिदोरी सोडून बसल्या होत्या. तेव्हापासून रोवणी लागायच्या आधी मी काही गोष्टी पक्क्या करून घेते.

सगळ्यात आधी पैशाचं बोलून घ्या, आणि तेही सकाळीच. आभाळ काळं झाल्यावर कोणी बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, निघत नाही. "एवढी एक बांधी होऊ दे न जी," असंच म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. रोवणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, असली की एकरामागं पैसे मिळतात, थांबलं की नुकसान बायांचं. म्हणून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधीत टाकतानाच मी सांगते: विजेमुळं जेवढा वेळ बसावं लागेल त्याची मजुरी गुत्त्यावर वेगळी देईन. हे बोलल्यापासून मला ओरडावं लागत नाही. दिवसभरात तासभर काम थांबलं तरी एकराच्या खर्चात ते फार जाणवत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरं, जागा ठरवा. आमच्या शेतापासून सगळ्यात जवळची पक्की इमारत म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. सुट्टीच्या दिवशी चावी कोणाकडं असते हे मी आधीच विचारून ठेवते. बंद काचांची जीप किंवा मिनीडोरसारखी टपाची, चारही बाजूंनी पत्र्यानं बंद गाडी असली तरी चालते. आत बसून पत्र्याला हात लावायचा नाही. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, तणसाची झोपडी, राखणीचा मांडव, यांतलं काहीच कामाचं नाही. झाड तर नाहीच. पाऊस चुकवायला झाडाखाली जायची सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की हे मी रोज सांगते.

आता निघायचं कधी? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप केलं आहे. आपल्या आसपास वीज पडत असेल तर ते नकाशावर दाखवतं आणि इशारा देतं. बांधीत चिखलाच्या हातानं फोन कोण काढणार? म्हणून फोन पाहायचं काम एकाच माणसाचं, आमच्याकडं पेंढ्या वाहणाऱ्या पोराचं. रेंज नसली तर मोजायचं. वीज चमकली की आकडे म्हणायचे. आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर धरा. तीसच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्या बांधीतही पडू शकते. तेव्हाच निघायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पूर्ण तीस मिनिटं परत यायचं नाही. ऊन पडलं तरी नाही. फोन खिशात असल्यानं वीज ओढली जाते ही भीती मात्र खोटी आहे, फोन जवळच ठेवा.

निघता आलंच नाही तर? पाण्यातून बाहेर या, विळे-फावडे टाकून द्या. तारेच्या कुंपणापासून, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारांपासून लांब व्हा. एकमेकींपासून वेगळ्या व्हा, घोळका करू नका. पाय जुळवून उकिडवं बसा, मान गुडघ्यात, हात कानांवर. आडवं पडू नका. वीज जमिनीत शिरली की चहूकडं पसरते, आणि अंगाचे दोन भाग जमिनीवर जितक्या अंतरानं टेकलेले असतील तितका धोका जास्त. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर असतं आणि मधे काळीज. जनावरं म्हणूनच लवकर जातात. असं बसल्यानं जीव वाचेलच असं नाही. दुसरा इलाजच उरला नाही तेव्हाचं हे बसणं आहे.

कोणाला वीज लागलीच तर त्या माणसाला हात लावायला भिऊ नका. अंगात वीज साठून राहत नाही. शेणात पुरलं की माणूस उठतो असं आमच्याकडंही म्हातारी माणसं सांगतात. त्यात हातची मिनिटं जातात. पुष्कळदा हृदय थांबलेलं असतं आणि ते दाबून चालू करता येतं. एकानं १०८ ला फोन करायचा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबायचं, दर वेळी छाती पुन्हा वर येऊ द्यायची. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, थकलात की दुसऱ्यानं घ्यायचं. दोघं-तिघं पडले असतील तर जो श्वास घेत नाही त्याच्याकडं आधी जा. कण्हणारा जिवंत आहे. आरोग्य केंद्रात सांगितलं तर दाबायचं कसं ते उशीवर करून दाखवतात. आम्ही पाच बाया जाऊन शिकून आलो.

कागदाचंही सांगते, कारण दुःखात ते राहून जातं. वीज ही महाराष्ट्रात आपत्तीत धरली आहे आणि माणूस गेला तर वारसांना ४ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तलाठ्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या. शवविच्छेदनाला घरचे नको म्हणतात, पण त्याच्या अहवालाशिवाय प्रकरण अडतं. जनावर गेलं तरी मदत असते. काकाजींनी बैल त्याच संध्याकाळी पुरले आणि दाखवायला काही उरलं नाही. पशुवैद्यकाला बोलवा, फोटो काढा, पंचनामा झाल्यावरच पुरा.

पऱ्हे टाकल्यापासून रोवणीला तीनेक आठवडे मिळतात. शाळेची चावी, फोन सांभाळणारा पोरगा आणि थांबल्या वेळेची मजुरी एवढं त्या दिवसांतच ठरवून ठेवा. त्या मोहाखाली मी आता शिदोरीही ठेवू देत नाही.