घरच्या जाणत्या माणसांच्या कष्टाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

"पूर्वीचे दिवस कसे होते?" असे विचारले की "बरे होते, कष्ट होते" एवढ्यावर बोलणे संपते. त्यापेक्षा एकच काम धरा आणि ते तोंडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून घ्या. गोव्यातल्या भातशेतीचेच घ्या. बियाणे कशात ठेवायचे, लावणीला किती बाया लागायच्या, मळणी बैलांनी की पायांनी, उकडायचे भाण (मोठे भांडे) कुणाचे, उकडलेले भात वाळत कुठे घालायचे, आणि मध्येच पावसाची सर आली तर? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. काय बिघडायचे हे विचारले की माणूस खुलतो.

बसण्याआधी शेताचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढून घ्या. त्यावर शेताचे नाव असते, आणि क्षेत्र खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), केर (मधल्या पातळीची) की मोरड (उंचावरची) तेही कळते. प्रश्न त्यावरून ठरतात. मोरड पावसावर, तिथे सरद (पावसाळी पीक) पिकले की झाले. वायंगण (हिवाळी पीक) घ्यायचे तर पाणी कुठून आणायचे ते विचारा. खाजनात बांध आणि मानस (बांधातली पाणी सोडायची मोरी) आलीच. भरतीचे पाणी मानशीची दारे बाहेरून दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. दार कुजले किंवा फटीत काटकी अडकली की खारे पाणी शेतात. म्हणून विचारा: मानशीवर रात्री कोण असायचे, तिथल्या मासळीचा लिलाव कोण घ्यायचे, बांध फुटला तर हाक कशी जायची, कोरगुट पेरायचे की आसगो (दोन्ही खारे पाणी सोसणारी भाते). मोरडीवर राबलेल्या माणसाला मानशीबद्दल विचाराल तर तो भिडेपोटी "हो हो" म्हणेल आणि तुमची नोंद खोटी पडेल.

मापात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वीस कुडवांची खंडी हे खरे, पण "दोन खंडीचे शेत" म्हणजे बियाणे, पीक की खंड (मालकाला द्यायचा वाटा), हे तिथल्या तिथे विचारून घ्या. घरात जुना कुडव किंवा पायली असेल तर तांदळाने भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. एकदा सपाट, एकदा शीग लावून. भाताचे वजन वेगळे भरते, त्यामुळे काय भरले तेही लिहा. भाटकाराकडचे (जमीनमालकाकडचे) माप आणि घरचे माप एकच होते का, हे विचाराच. उत्तर बहुधा लांबलचक येते.

मजुरीचेही तसेच. पोर्तुगीज रुपयाचे सोळा टांग होते. १९५८-५९ च्या सुमारास एस्कुद हे नवे पोर्तुगीज चलन आले, एका रुपयाला सहा. पोर्तुगीज गेल्यावर, म्हणजे मुक्तीनंतर, भारतीय रुपया. "दिवसाला रुपया" म्हणजे कुठला, ते लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सोबत पेज, जेवण की भात मिळायचे तेही जोडा.

साल विचारू नका. साल आठवत नाही आणि मग माणूस अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. त्याऐवजी खुणा द्या: भारताने केलेल्या नाकेबंदीत रेल्वे थांबली (१९५५), मुक्ती (१९६१), कूळ कायदा (१९६४), महाराष्ट्रात विलीन व्हायचे का यावरचा जनमत कौल (१९६७), पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारले (१९७३), मांडवीचा पूल कोसळला (१९८६). "त्याच्या आधी की नंतर?" एवढेच. महिन्यांसाठी चवथ, शिगमो, पुरुमेंत (पावसाळ्यासाठीची साठवण) पुरेसे.

आजीला वेगळे बसवा. पुरुषांसमोर ती "मी काय, घरचेच काम" म्हणून विषय मिटवते. तिला कामाचे नव्हे, दिवसाचे विचारा: कोंबडा आरवल्यापासून दिवा मालवेपर्यंत काय काय केले. कांडण, दळण, पाणी, शेण, लावणी सगळे आपोआप येते. वान (उखळ), मुसळ, दांते (जाते) घरात असेल तर समोर ठेवा. हात हलायला लागले की शब्दही येतात.

रेकॉर्डिंगला मोबाईल पुरतो. तो विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, टेबलावर घडी घातलेल्या पंचावर ठेवा, नाहीतर प्रत्येक कपाचा आवाज ठणठणीत येतो. सुरुवातीला गाव, वाडा, तारीख बोला. पाऊण तासाच्या पुढे ताणू नका. बोलणे कोकणीत होऊ द्या. मराठीत उतरवताना अवजारांची नावे मात्र तशीच ठेवा. जमिनीच्या भांडणाचा विषय निघाला की रेकॉर्डिंग चालू ठेवू का, असे विचारा, आणि "नको" म्हटले तर खरोखरच बंद करा. त्याच रात्री फाईल दुसऱ्या ठिकाणी उतरवा.

जुने कागद लॅमिनेट करू नका, ओल आत कोंडते. दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता फोटो काढा. फोटोंच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई पावसाळ्यात दुसऱ्या फोटोला लागते.

लिहून झाले की मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या वेगळ्या रंगात लिहा, पहिले वाक्य खोडू नका. दोन भावंडे एकच गोष्ट वेगळी सांगतात तेव्हा दोन्ही ठेवा, कोणी काय सांगितले त्याच्या नावासह.